बर्फावरची सही

कर्ज जुळवून देणाऱ्या बाईंचा फोन आला, तेव्हा वित्स्के पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहून शिकाऊ पोरांना, उद्या कालव्यात पडलीच तर सवय असावी म्हणून, कपड्या-बुटांसकट उड्या मारायला लावत होती.

"अहो, तुमच्या साहेबांनी नोकरीच्या दाखल्यावर मजकूर काळ्या पेनानं लिहिलाय आणि सही निळ्या!" बाई म्हणाल्या. "बँकेनं परत पाठवलंय. सगळं एका हातानं, एकाच पेनानं पुन्हा लिहून आणा. पाचच्या आत."

तिनं ठरवलेल्या घराच्या सौद्यातून पाचनंतर माघार नव्हती. मग कर्ज मिळालं नाही, तर त्या चिमुकल्या घराच्या किमतीचा दहावा हिस्सा दंड बसला असता. वित्स्केची नोकरी वर्षाच्या कराराची. 'सारं असंच राहिलं तर हिला कायम करू,' हे तलावाचा व्यवस्थापक हार्मेन याचं एक वाक्य त्या दाखल्यात होतं म्हणून बँक तिला दारात उभी करत होती.

हार्मेनची खोली रिकामी होती.

"गेला बर्फावर," तिकिटं देणारी आल्केबाई म्हणाली. "तीन हिवाळ्यांनी तळं गोठलंय. आज आपल्या फ्रीसलंडमध्ये कामावर येतो तो येडा."

"आणि त्यांचा फोन?"

"टेबलावर. मुद्दाम ठेवलाय मेल्यानं."

दाखल्याचा कोरा कागद आणि काळं पेन घेऊन वित्स्के धावत सुटली. तळ्यावर अख्खा गाव स्केट बांधून लोटला होता. टोपीत दडलेली डोकी, वाकलेल्या पाठी, मागे बांधलेले हात. शंभर हार्मेन तिच्या शेजारून सटासट निघून गेले. खरा हार्मेन सापडला तो वाटाण्याच्या सूपच्या टपरीपाशी, मिशीत सूप घेऊन.

"अगं, स्केट कुठायत तुझे?"

तिनं एका दमात सगळं सांगितलं. तो हातमोजे काढून बाकावर लिहायला बसला, तर थंडीनं पेन उमटेना.

"हे घ्या माझं," शेजारचा माणूस निळं पेन पुढे करत म्हणाला.

"नको!" वित्स्के एवढ्यानं किंचाळली की त्याचं सूप सांडलं.

"काखेत धर जरा," हार्मेन म्हणाला. तिनं पेन काखेत ऊब देऊन परत केलं. तो सावकाश लिहू लागला आणि नेमका त्या वाक्यापाशी थांबला.

"परवा नगरपालिकेत बोलणं झालंय. तलाव बंद करायचं म्हणतायत. ठरलं नाही अजून काही."

"मग... सही नाही करणार तुम्ही?"

"आज सारं आहे तसंच आहे. आजपुरतं मी खोटं लिहीत नाही. पण पोरी, हा कागद बँकेची समजूत घालायला. तुला यानं नोकरीची हमी मिळत नाही. पाच वाजेपर्यंत तुला घराला नाही म्हणता येतंय."

वित्स्केला भीती वाटली, साधी आणि खरी भीती. तीस वर्षं फेडायचं, आणि नोकरी कदाचित उन्हाळ्यापर्यंतही नाही. 'राहू द्या' हे शब्द ओठांवर आले होते. पण त्या घराच्या खिडकीत पडदे कुठले लावायचे हेही तिचं ठरून गेलं होतं.

"करा सही," ती म्हणाली.

सही झालेला कागद घेऊन परतताना पायाखालचा बर्फ कण्हला. कण्हणारा बर्फ मोडत नाही, मुका बर्फ दगा देतो, हे वडिलांनी तिला चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. आज तिचा त्यावर विश्वास बसेना. घाबरून ती काठाकडे वळली आणि लव्हाळ्यातून चालू लागली. लव्हाळ्यात बर्फ सर्वांत पातळ, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

काडकन आवाज झाला. ती कमरेपर्यंत आत गेली. पाण्याच्या गारठ्यानं श्वासच थांबला.

"हात दे!" मागून आलेला हार्मेन बर्फावर पालथा पडून ओरडला. "वित्स्के, हात दे गं!"

तिला हात देता येईना. दोन्ही हातांनी तिनं कागद डोक्यावर धरला होता.