शरबताच्या गोळ्या

धुडकूने पाकिटाचा कोपरा दातांत धरून ओढला, पण जबडा अर्ध्यावरच अडकला. तोंड अजून दोन बोटांपुढे उघडत नव्हतं. त्याने भिंतीवरची कात्री काढली, पाकीट मांडीवर घट्ट धरलं आणि कोपरा कापला.

पाकीट त्याने स्वतः जाऊन आणलं होतं. तोंडाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यानंतर तो पहिल्यांदाच एकटा घराबाहेर पडला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रेडिएशनचा शेक दिल्यामुळे तोंडातली लाळ आटली आहे, आंबट गोळी चघळत जा. चव परत येईलच असं नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. ते मात्र त्याने मानायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या चौकातल्या मोठ्या सुपरमार्केटात नावाजलेल्या कंपन्यांच्या गोळ्याही होत्या. पण काउंटरवरच्या मुलीने दुकानाच्याच नावाचं हे पाकीट पुढे केलं. गुजरातीत म्हणाली, काका, यात आत शरबताची पावडर असते, जिभेवर फुटते. फुटते म्हटल्यावर त्याने दुसरं काही पाहिलं नाही.

पिवळी गोळी त्याने जिभेवर ठेवली. काहीच नाही. काचेचा मणी तोंडात धरावा तसं. तीस वर्षं कपडा रंगवायच्या मिलमध्ये रात्रपाळ्या करताना ओठाखाली तंबाखूची चिमूट दाबून तो उभा राहिला होता, आणि त्या तोंडात आता साखरही उतरत नव्हती. थुंकून टाकावी असं वाटलं, पण त्याने ती या गालातून त्या गालात फिरवत ठेवली.

कवच विरघळलं आणि जिभेच्या कडेला चरचर झाली. बारीक सुया टोचाव्यात तशी. जबड्याच्या मुळाशी कुठेतरी किंचित ओल सुटली.

धुडकू ताठ बसला. ही चव नव्हती, हे त्याला कळत होतं. पण जीभ काहीतरी बोलली होती. त्याने नारिंगी गोळी उघडली. मग हिरवी. एकेक रंग घेऊन तो असा चघळत राहिला, जणू पाळी भरायची होती.

त्याची बायको वत्सला गिरणीतून दळण घेऊन आली, तेव्हा त्याच्याभोवती कागद पसरले होते. घशात अडकली म्हणजे, असं ती म्हणणार एवढ्यात त्याने एक गोळी तिच्या हातावर ठेवली.

“माले कसाले?” तिने विचारलं.

“खाय आणि सांग, कशी लागस.”

पिठाचा डबा खाली ठेवून तिने गोळी तोंडात टाकली. थोडा वेळ काही झालं नाही. मग तिचे डोळे गच्च मिटले, एक खांदा कानापर्यंत वर गेला, ओठ आत ओढले गेले. तोंडावर पदर धरून ती हसू दाबत राहिली.

“भलतीच आंबट शे.”

पण हात आपोआप पाकिटाकडे गेला. तिने दुसरी घेतली, ती संपायच्या आत तिसरी. धुडकू तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. हे तोंड असं हललेलं त्याने किती दिवसांत पाहिलं नव्हतं. अमळनेरकडच्या तिच्या माहेरी ठेच्याशिवाय पान वाढत नसत. आणि तो आजारी पडल्यापासून घरात शिजत होती ती पेज आणि मऊ भात, दोघांच्याही ताटात तेच. तिखटाचा डबा फळीवर पार मागे गेला होता. तो तिथे कुणी ठेवायला सांगितला नव्हता, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

“तुले आते मिरची नको वाटस का?”

“तुम्हले ठसका लागस,” ती म्हणाली आणि कागद गोळा करू लागली.

धुडकू उठला. कोपऱ्यावरच्या भाजीच्या लारीवरून मिरच्या आणल्या. नाकातोंडावर ओला पंचा बांधला आणि तवा चढवला. मिरच्या तडतडल्या तसा त्याला असा खोकला सुटला की कट्ट्याला धरून वाकावं लागलं. वत्सला तवा घ्यायला धावली. त्याने कोपराने तिला अडवलं आणि हातानेच, भाकरी थापायला बस, अशी खूण केली. डोळे पुसत, थांबत, पुन्हा हलवत त्याने मिरच्या, लसूण, शेंगदाणे भाजले आणि खलबत्त्यात कुटले. मीठ अंदाजाने टाकलं. सवयीने बोट ओठांपर्यंत नेलं आणि तसंच खाली आणलं.

ताट त्याने वाढलं आणि समोर बसला. वत्सलाने घास मोडला, ठेच्यात बुडवला, तोंडात घातला. तिच्या नाकाला पाणी सुटलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती भराभर चावत होती.

“कसं लागनं?”

आजारपणात त्याने तिला काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असे. जेवलीस का, झोप लागली का, गुडघा कसा आहे. सगळ्याला ‘बेस शे’. आताही तेच येणार म्हणून तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

वत्सलाने दुसरा घास खाल्ला.

“मीठ कमी पडनं,” ती म्हणाली.

धुडकू उठला आणि मिठाची बरणी आणायला गेला.