अनसाबाईंची कोरडी भिंत

परदेशाहून आलेल्या माणसाला मांडवगण फराट्यात चार दिवस मान मिळतो. पाचव्या दिवसापासून लोक विचारू लागतात, परत कधी जाणार? मेहमूदला हा प्रश्न बाहेर विचारला जात होता, आणि घरातही. पण घरातला सूर निराळा होता. बहरीनला माणसं पाठवणाऱ्या एजंटाचा निरोप आला होता: दुसरी खेप तयार आहे, ईद झाली की निघायचं, पुन्हा तीन वर्षं.

त्याची बायको मुमताज भाकरी थापता थापता म्हणाली, "जायाचं आसंल तर जावा. पर पोरगी तुमाला पावनाच समजती. काल मला इचारत हुती, ह्यो मानूस जेवून जानार का ऱ्हानार?"

"हितं मिस्त्री म्हनून नाव झालं तर कशाला जातोय मी? पर हितं मला वळखतंय कोन?"

गोष्ट खरी होती. मेहमूदला जे काम उत्तम येत होतं, ते शिरूर-दौंड भागात कुणाला लागतच नव्हतं. बहरीनच्या तेल कंपनीनं अमेरिकन साहेबांसाठी जी वसाहत बांधली, तिथं तो तक्त्यांच्या भिंती उभ्या करायला शिकला होता. दोन कागदांच्या मध्ये जिप्सम दाबून केलेले मोठे तक्ते लाकडी सांगाड्यावर ठोकायचे, सांधे बुजवायचे, रंग द्यायचा. वीट नाही, चुना नाही. अमेरिकन त्याला ड्रायवॉल म्हणत, म्हणजे कोरडी भिंत.

त्यामुळे दौंडात अनसाबाई नर्सबाईंनी असले तक्ते आणून ठेवल्याचं कानावर आलं, तेव्हा मेहमूद बोलावण्याची वाट न बघता तिकडे गेला.

अनसाबाईंचं बाळंतपणाचं घर स्टेशनाजवळ, धान्याच्या गोदामावरच्या माडीवर होतं. माडीची जमीन फळ्यांची. एका लांबट खोलीत सगळ्याच बायका. बाईंना मध्ये भिंत हवी होती. "एकीच्या कळा दुसरीनं ऐकायच्या आणि तिसरीच्या पाहुण्यांनी बघायच्या, हे मला बंद करायचंय," त्या म्हणत. पण विटांच्या भिंतीचं वजन फळ्यांना पेललं नसतं. त्यांचे यजमान पोपटराव मालगाडीचे गार्ड होते. मुंबईत एका परदेशी कंपनीचं ऑफिस बांधून उरलेले तक्ते त्यांनी लिलावात घेतले आणि दौंडला उतरवले.

मेहमूद जिना चढून वर गेला तर तिथं आधीच एक पिकल्या मिशांचा माणूस तक्ता उभा धरून बघत होता. कासुर्डीचा कोंडिबा. बापानं जन्मभर मेंढरं राखली. कोंडिबा मात्र तरुणपणी समुद्रापलीकडे आबादानला गेला आणि तिथल्या इंग्रज तेल कंपनीत भिंतीचं काम शिकला. इंग्रजांना तिथून निघावं लागलं, तेव्हा तोही परतला.

मेहमूदनं रामराम केला आणि लगेच म्हणाला, "आप्पा, तक्ता उलटा धरलाय तुमी."

"उलटा तुझा आजा! करडी बाजू भाईर, पांढरी आत. करड्या कागदावरच पिलास्टर धरतंय. सायबाचे बंगले केल्यात ह्या हातानं."

"माझा सायब पांढरी बाजूच भाईर ठिवायचा. सांध्यावर कागदाची पट्टी, वर लुकनाचा लेप, घासलं की रंग. आख्ख्या भितीला पिलास्टर कशाला?"

"म्हंजी भितीला नुसती लंगोटी! आमचा सायब कापडं घालायचा तिला."

"आख्खी भित लिपायची तर मग इटा काय वंगाळ हुत्या?"

अनसाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "तुमच्यापैकी खोटं कोण बोलतंय, तेवढं सांगा."

"कुनीच न्हाई, बाई," मेहमूद म्हणाला. त्यानं ढिगातले दोन तक्ते ओढून शेजारी ठेवले. "ह्यो चार फूट रुंदीचा. कडंवर हात फिरवा. पातळ हुत गेलीया ना? दोन तक्तं शेजारी ठोकलं की मधी उथळ पन्हाळ पडतं. पट्टी आन् लुकन त्यात बसतं, भित सपाट दिसती. ह्यो अमेरिकन. आन् ह्यो तीन फुटी. ह्याची कड सरळ हाय, पन्हाळच न्हाई. सांधा झाकायचा तर सगळ्या अंगावर पातळ पिलास्टर घ्यायलाच पायजे. ह्यो आप्पांच्या सायबाचा."

कोंडिबानं दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला आणि नुसतं "हं" केलं.

"तक्ते तर दोन्ही देशांचे आहेत," अनसाबाई म्हणाल्या. "भिंतीला बाजू पण दोन. बाळंतपणाच्या खोलीकडची बाजू कोंडिबांची, आरामाच्या खोलीकडची तुमची. ज्याची मला पटेल, त्याला वरच्या छताचं काम. आणि दौंडातले माझ्या ओळखीचे डॉक्टर अशाच खोल्या करायच्या म्हणतायत. त्यांना मी एकच नाव सांगणार."

मेहमूदला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. इथं नाव झालं तर बहरीन सुटलं; नाही झालं तर ईद झाली की बोट.

पहिला खटका सांगाड्यावरूनच उडाला. तक्त्याच्या दोन्ही कडा लाकडावर टेकल्या पाहिजेत, म्हणजे खांब किती अंतरावर रोवायचे हे तक्त्याची रुंदी ठरवते. मेहमूदचा हिशेब सोळा इंचांचा, कोंडिबाचा अठराचा. आणि सांगाडा तर एकच. मेहमूदनं खडूनं फळ्यांवरच आखून बघितलं. सोळाचे तीन भाग चार फुटांत बसतात, अठराचे दोन तीन फुटांत. दोन्हीत नेमकं बसेल असं अंतर एकच निघालं: एक फूट.

"फुटाफुटावर खांब? ही भित हाय का कोंबड्यांचं खुराडं?" कोंडिबा म्हणाला.

"लाकूड जास्ती लागंल, आप्पा, पर तुमचा आन् माझा दोघांचा तक्ता लाकडावर टेकंल."

कोंडिबानं स्वतः पट्टी लावून मोजलं. मग करवत उचलली.

मदतीला तानुबाई होती. दौंडात नवीन बांधकाम निघालं की गवंडी आधी तिला बोलावत. घमेली वाहायची, झाडलोट करायची आणि भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. गावातल्या निम्म्या भिंती आपल्या हातचं पाणी पिऊन मोठ्या झाल्या, असं ती सांगे, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

काम मात्र बघण्यासारखं झालं. मेहमूद खिळा असा मारी की त्याचं डोकं कागद न फाडता तक्त्यात किंचित बुडे. तेवढ्या खळग्यात लुकण बसलं की खिळा कुठं आहे ते कळत नसे. तयार लुकणाचे डबे इथं कुठले मिळणार? त्यानं प्लास्टर ऑफ पॅरिस, खडूची भुकटी आणि सरस यांचं मिश्रण स्वतः जमवलं. पलीकडे कोंडिबानं सांध्यांवर गोणपाटाच्या विरळ पट्ट्या लावल्या आणि वरून प्लास्टरचा हात असा फिरवला की भिंत दुधावरच्या सायीसारखी दिसू लागली. दोघंही एकमेकांच्या बाजूला काहीतरी निमित्त काढून येत आणि बघून जात.

काम संपलं तो बाजाराचा आदला दिवस होता. दुसऱ्या दिवशी दोघेही आले नाहीत. तानुबाई आली. नवी भिंत कोरडी ठणठणीत बघून तिचा जीव कळवळला. तिनं बादल्या वर आणल्या आणि डब्यानं दोन्ही बाजू नीट भिजवल्या. संध्याकाळी पुन्हा एकदा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेहमूद जिना चढला आणि उंबऱ्यातच थांबला. त्याच्या बाजूचे तक्ते खालून फुगले होते. पांढऱ्या कागदाला बुडबुडे आले होते आणि सांध्यांवरच्या पट्ट्या सुटून लोंबत होत्या. कोंडिबाच्या बाजूला ओले डाग होते, पण प्लास्टरनं कागद झाकलेला असल्यानं भिंत जागच्या जागी होती.

"कुनी मारलं पानी?"

"म्या," तानुबाई अभिमानानं म्हणाली. "तुमी तर बाजाराला गेलासा. म्हनलं, भित तहानंली आसंल."

"अगं बाई, ह्या भितीला पानी मारायचं नसतंय!"

"पानी मारायचं नसतंय? मग ती कसली भित? लेकराला दूध पाजू नगा म्हनल्यावानी झालं की!"

कोंडिबा हसत हसत खाली बसला. "घ्या! अमेरिकेची लंगोटी सुटली!"

अनसाबाई आल्या. दोन्ही बाजू बघितल्या आणि विचारलं, "चूक कुणाची?"

तानुबाईचा चेहरा उतरला. मेहमूद म्हणाला, "हिची न्हाई, बाई. ह्यो तक्ता कारखान्यातच त्याचं पानी पिऊन घट्ट झालेला आसतो. सिमेंटाला पाजलं तर त्ये आनखी घट्ट हुतं, ह्याला पाजलं तर ह्यो मऊ पडतो. पर आमी दोघांनी सांगितलंच न्हाई तिला. बहरीनला भितीवर कुनी पानी मारत न्हाई, त्यामुळं सांगायचं सुचलंच न्हाई."

"पण पाणी इथं लागणारच," अनसाबाई म्हणाल्या. "आम्ही रोज फिनेल टाकून बादलीनं जमीन धुतो. कोंडिबांची बाजू टिकली. मग मी त्यांनाच..."

"वाळू द्या, बाई. खिडक्या उघड्या ठेवा आन् वाळू द्या. मग काय ते ठरवा."

त्या कबूल झाल्या, पण त्यांचं मन कुणाकडे झुकलंय ते दिसत होतं. मेहमूदनं फुगलेले तक्ते काढले, मजबूत होते ते ठेवले. हात चालू होते आणि डोकंही. त्याची बाजू पाण्याला हरली, हे सरळ होतं. पण कोंडिबाच्या कामात खोट नसेलच, हे त्याला अजून सिद्ध झालेलं वाटत नव्हतं. त्यानं भिंतीवर तळवा टेकवला. त्याच वेळी यार्डात इंजिनानं डब्यांना धक्का दिला. फळ्या थरथरल्या, आणि त्याच्या तळव्याखाली भिंतही.

तो पलीकडच्या खोलीत गेला. कोंडिबाच्या सायीसारख्या भिंतीवर, जिथं जिथं खाली सांधा होता तिथं केसासारखी रेघ उमटली होती. शंटिंगचा एकेक धक्का ती रेघ लांबवत होता.

मेहमूदला आता हसता आलं असतं. तो हसला नाही, कारण कोंडिबा मागेच येऊन उभा होता आणि तोही तीच रेघ बघत होता.

"गोनपाट तानलं जातंय," कोंडिबा म्हणाला. "वरचं पिलास्टर कडक. आबादानला बंगलं जमिनीवर हुतं, लेका. तिथं खाली रेल्वं नव्हती."

"माझ्या कागदाच्या पट्टीला कवाच चीर पडत न्हाई, आप्पा. तिच्यावर तुमच्यासारखा पातळ हात घेतला तर?"

"पट्टी पन्हाळात बसती म्हनलास. माझ्या तक्त्याला पन्हाळ कुठाय?"

"कड तासू. रंध्यानं, हलक्या हातानं. कागद फाटला तर फाटला, वरून पट्टी हायच की. आन् खालची वीतभर जागा मोकळी ठेवू. तक्ता जमिनीला टेकूच द्यायचा न्हाई. तिथं शहाबादी फरशीची पट्टी उभी बसवू, सिमेंटात. बादलीचं पानी फरशीवर आपटंल. वर छातीपत्तोर आइल पेंट. मग फिनेल मारा, न्हाईतर काय बी मारा."

कोंडिबानं मिशी चोळली. "ह्यो कंच्या देशाचा परकार?"

"दौंडचा."

"मग त्या फरशीला तरी पानी मारू का?" दारातून तानुबाईनं विचारलं.

"मार. पर तेवढ्यालाच मार, आन् फडक्यानं," मेहमूद म्हणाला.

दोन्ही बाजू नव्या रीतीनं झाल्या. मालगाड्या आल्या, गेल्या. अनसाबाईंनी रोज सकाळी सांध्यांच्या जागी नखानं चाचपून बघितलं. मग एक दिवस स्वतःच बादली घेतली, फिनेलचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी फेकलं, पुसून घेतलं आणि वाकून बघितलं. फरशी ओली, वरचा तक्ता कोरडा.

"छत कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"छताला दोघं लागत्यात," कोंडिबा म्हणाला. "येवढा तक्ता डोक्यावर धरायचा म्हंजी एकट्याची मान मोडंल."

"ते ठीक. पण डॉक्टरांना मी नाव कुणाचं सांगू? मिस्त्री कोण?"

"मी," मेहमूद म्हणाला.

कोंडिबानं त्याच्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "त्याचंच सांगा. आखनी त्याची. मी वयानं मोठा हाय, तवा शिव्या द्यायचा हक्क माझा."

दोन-तीन दिवसांनी छताचा पहिला तक्ता वर चालला होता. कोंडिबा एका लाकडी घोडीवर, मेहमूद दुसऱ्या घोडीवर, दोघांच्या डोक्यावर तक्ता आणि मेहमूदच्या ओठांत खिळे. तेवढ्यात धुतलेला सदरा घातलेला एक माणूस धापा टाकत वर आला. एजंटाचा माणूस होता. मांडवगणला जाऊन, तिथून पत्ता काढून आला होता.

"मेहमूद शेख कोन? किती हुडकायचं तुमाला! बोटीची तारीक लागली. नाव पक्कं करायचं हाय."

खिळ्यांमुळे मेहमूदला बोलता येईना. तक्त्याचा मधला भाग खाली वाकायला लागला होता. त्यानं भुवयांनीच खाली पडलेल्या टेकूच्या काठीकडे खूण केली. माणसानं गोंधळून काठी उचलली आणि तक्त्याच्या मध्याला लावली.

"घट्ट धरा, पावनं," कोंडिबा ओरडला. "हालू नगा!"

मेहमूदनं एक खिळा मारला, दुसरा मारला, मग ओळीनं सगळे. तक्ता लाकडाला चिकटून बसला. त्यानं मान मोकळी केली आणि घोडीवरूनच खाली बघितलं.

"बहरीनला दुसरं कुनी धाडा. माझं नाव खोडा."

"आन् तुमी काय करनार?"

"डॉक्टरांच्या दोन खोल्या हायत अजून," मेहमूद म्हणाला. "आता काठी सोडा. न्हाईतर धराच, दुसरा तक्ता घेतो."