बटण बंद असताना

ताई नोकरीतली बदली करून घेऊन आईबाबांकडे राहायला आली, त्याला आठवडाही झाला नव्हता. नोकरी सांभाळून लहान मुलांच्या पुस्तकांसाठी ती चित्रं काढायची आणि त्यासाठी तिला दणकट कॉम्प्युटर हवा होता. तयार घेण्यापेक्षा सुटे भाग आणून तिने तो स्वतःच जोडला. हॉलच्या जमिनीवर सतरंजी पसरून, तिच्यावर स्क्रू, वायरी आणि रिकामी खोकी मांडून ती आदल्या दिवसापासून बसली होती.

सगळं जोडून झालं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पण स्क्रीन काळाच. पुन्हा दाबलं. पुन्हा काळा.

"ढिम्म हलत नाही," ती म्हणाली.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा. त्याला या गोष्टींचा नाद. सकाळी तिने त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल खोक्याला टेकवून ठेवला.

"ताई, रॅम काढून परत बसव. खटकन आवाज यायला हवा," तो म्हणाला.

"दोनदा बसवली."

"मग तिसऱ्यांदा बसव. आणि त्याआधी चप्पल काढ. अंगातली स्थिर वीज चिपमध्ये गेली तर रॅमची वाट लागेल. प्लग राहू दे, फक्त बटण बंद कर आणि कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगातली वीज अर्थिंगमधून जमिनीत जाईल."

आई शेजारीच खुर्चीवर बसून हे बघत होती. एरवी या वेळेला ती बाथरूममध्ये असायची. गिझर लावून सगळ्यांच्या बादल्या तीच भरून ठेवायची. पण आज लेकीचा कारभार सोडून तिला उठवेना. शेवटी बाबाच म्हणाले, "बस तू. माझं पाणी मी काढतो," आणि गिझरचं बटण दाबून टॉवेल शोधायला गेले.

ताईने भिंतीवरचं बटण बंद केलं. चप्पल काढली. गुडघ्यावर बसून तिने पत्र्याला हात लावला.

कोणीतरी कोपरावर हातोडी मारावी तसा झटका बसला. हात आपोआप मागे आला, ती सतरंजीवर मागे कोलमडली आणि स्क्रूंची वाटी उपडी झाली.

"काय झालं?" मोबाईलमधून धाकटा विचारत होता.

"शॉक लागला."

"लागायचाच नाही. बटण बंद केलंस ना?"

"बंद आहे. बघ." तिने मोबाईल उचलून त्याला बटण दाखवलं.

तिने हत्यारांतून टेस्टर काढला आणि पत्र्याला टेकवला. बंद बटणाच्या, मेलेल्या कॉम्प्युटरवर टेस्टरचा दिवा लख्ख पेटला. तिने प्लग उपटला. दिवा विझला. मग टेस्टर भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घातला, जिथे अर्थिंगची वायर असते, जिथे वीज कधीच असायला नको. दिवा पेटला.

"ताई, घरातल्या अर्थिंगमध्येच करंट आहे," धाकटा सावकाश म्हणाला. "दुसरं कुठलं तरी यंत्र त्यात वीज सोडतंय."

आई तिच्या हाताकडे बघत होती. "मुंग्या आल्या ना? येतात. मलाही येतात."

"कुठे?"

"हातात. नळाला हात लावला की. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात ना त्यासाठीच. म्हणाले, साखरेमुळे होतं या वयात."

"आई, कुठल्या नळाला?"

"बाथरूमच्या. गिझर चालू असला की जरा जास्तच..." आई बोलता बोलता थांबली. नळाची गोष्ट तिने डॉक्टरांना सांगितलीच नव्हती.

बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला.

ताई अनवाणी धावली. मेन स्विच घराच्या मुख्य दाराच्या वर होता. आईला उठवून तिची खुर्ची ओढली आणि वर चढून तिने तो खाली खेचला. फ्रिजची घरघर थांबली, हॉलमधला दिवा गेला.

"लाईट गेली का गं?" आतून बाबांचा आवाज.

ताई खुर्चीवरूनच ओरडली, "बाबा, कशाला हात लावू नका. बाहेर या."

"अगं, कपडे काढलेत मी. आत्ता कुठे नळ सोडणार होतो."

"टॉवेल गुंडाळून या."

बाबा टॉवेलवर बाहेर आले. लेक खुर्चीवर उभी, बायको भिंतीला धरून, जमिनीवर मोबाईलमधून मुलगा "बाबा आले का, बाबा आले का" म्हणतोय. त्यांना काहीच कळेना.

दुपारी वायरमन आला. गिझरची कॉइल आतून फुटली होती आणि घरामागे जमिनीत जाणारी अर्थिंगची तार गंजून तुटली होती. जी वीज मातीत जायला हवी, ती घरातल्या सगळ्या पत्र्यांवर आणि नळावर येऊन थांबत होती.

"कधीपासून मुंग्या येतात, मावशी?"

"थंडी पडल्यापासून."

"पायात काय असायचं?"

"रबरी सपाता."

वायरमनने तिच्या पायांकडे पाहिलं. त्याने पाणी मागितलं आणि पूर्ण तांब्या प्यायला. संध्याकाळपर्यंत त्याने नवी तार टाकली, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला आणि गिझर उतरवून नेला.

कॉम्प्युटरचा घोटाळा दुसऱ्या दिवशी सापडला. प्रोसेसरला वीज देणारा छोटा प्लग कोपऱ्यात जोडायचाच राहिला होता. तो बसवताच स्क्रीन उजळला. ताईला आनंद झाला नाही. धाकटा पुन्हा कॉलवर होता.

"पहिल्यांदाच चालू झाला असता तर कळलंच नसतं," तो म्हणाला. तिने कॉल बंद केला.

आई बाथरूमच्या दारात उभी होती. हात पुढे करून, नळापासून वीतभर अंतरावर. ताईने आधी स्वतः नळ धरला, मग आईचा हात त्यावर ठेवला.

"काहीच येत नाही गं," आई म्हणाली.

तिने नळ सोडला. मग स्टुलावर बसली आणि तिला कापरं भरलं. दातांवर दात आपटायला लागले. बाबा आत आले, तिच्या खांद्यांवर शाल टाकली आणि शेजारी ओल्या फरशीवर बसून राहिले.