एक पंप वर, दोन खाली

बोरी अरबच्या बाजारगल्लीत कय्युमभाईंचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्या साली तिथं पाय ठेवायला जागा नसायची. कपाशी वेड लागल्यासारखी वाढली होती, माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि बोंडात अळी. जो तो फवारत सुटला होता. कय्युमभाईंची लेक मेहनाज यवतमाळला कॉम्प्युटर शिकून आलेली. दुकानात आलेली माणसं एकमेकांना औषधाचं माप विचारतात आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, हे तिनं पाहिलं. मग तिनं मोबाईलवर चालेल असं एक पान जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं. औषध निवडा, किती पंप, म्हणजे पाठीवरच्या किती टाक्या, मारायचे ते लिहा, किती मिली घ्यायचं ते पान सांगणार. गावानं ते डोक्यावर घेतलं. सगळ्यात जास्त कौतुक उकंडाकाकांना. ते शेजारचे, रोजानं फवारणीला जाणारे. "आमच्या मेहनाजनं बनवलं," असं ज्याला त्याला सांगत फिरायचे, जणू शेजारी बसून अर्धं त्यांनीच लिहिलं होतं.

काकांच्याच सांगण्यावरून तिनं एका संध्याकाळी पानात दुसरा रकाना वाढवला. काका ज्यांच्याकडं फवारायला जात त्या मारोतरावांचं वावर, म्हणजे शेत, दोन तुकड्यांत आहे. वरच्या तुकड्याला एक पंप लागतो, खालच्याला दोन. काका सगळं औषध एकदाच बालटीत करून घेत आणि मग पंपांत वाटून ओतत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुरुस्त केलेला पंप न्यायला आले तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी दोन्ही रकाने भरले, काहीतरी आकडा मोठ्यानं म्हटला आणि खुशीत निघाले. मेहनाज गिऱ्हाइकांच्या गर्दीत होती. तिनं न ऐकताच मान हलवली.

दुपारी दुकान रिकामं झालं. अब्बा जेवायला गेले. पत्र्यावर ऊन तडतडत होतं, रबराचा आणि तेलाचा वास सुस्तावून एका जागी बसला होता. मेहनाजचा डोळा लागला.

स्वप्नात, पानाचा हिशोब करणारं तिचं फंक्शन एक घर झालं होतं. दार सताड उघडं. अंगणात कापूस तरंगत होता, खाली पडायची त्याला घाई नव्हती. लांबून आकडे येत होते, लग्नाला यावेत तसे नटूनथटून, आणि सरळ आत शिरत होते. तुम्ही कोण, कुणाकडचे, असं विचारायला दारात कुणीच नव्हतं. आधी एक आला. मागून दोन आला. दोघं ओटीवर एकमेकांना खेटून बसले, तर आतून कुणीतरी आनंदानं ओरडलं, "बारा पाहुणे आले, बारा जणांचं पाणी ठेवा!" मेहनाज सांगू पाहत होती की अहो, ते बारा नाहीत, पण तिचा आवाज कापसातच अडकत होता. मग पाण्याखालून यावा तसा काकांचा आवाज आला, "दोनशे चाळीस!"

ती दचकून उठली. त्या औषधाचं माप एका पंपाला वीस मिली. तीन पंपांचे साठ.

तिनं मोबाईल ओढला. पहिल्या रकान्यात एक लिहिलं, दुसऱ्यात दोन. दोनशे चाळीस.

जावास्क्रिप्ट ही स्वभावानं भोळी भाषा, कुणाला नाही म्हणायचं तिच्या जिवावर येतं. रकान्यात माणूस आकडा लिहितो, पण रकाना तो पुढं देतो मजकूर म्हणून, अक्षरं म्हणून. गुणाकार असला की भाषा त्या अक्षरांचा गुपचूप आकडा करून घेते, म्हणून एका रकान्याचं पान इतके दिवस बिनबोभाट चाललं. बेरजेला मात्र ती अक्षराला अक्षर चिकटवते. एक आणि दोन, बारा; आणि बारा पंपांचे दोनशे चाळीस. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत, पान चालू असताना, जे आलं ते खरंच आकडा आहे का एवढं तपासलं असतं, तर गाडी तिथंच अडली असती. हे क्लासमध्ये शिकवलं होतं. आपल्या पानावर आकड्याशिवाय कोण काय लिहिणार, असं म्हणून मेहनाजनं ते टाळलं होतं. आता काकांच्या बालटीत चौपट विष होतं. 

काकांचा फोन लागेना. तिनं शटर ओढलं, अब्बांना फोनवरून कसंबसं सांगितलं आणि गाडी काढून मारोतरावांच्या वावराकडं सुटली.

कपाशीत शिरल्यावर वाटच मिटली. पानं डोक्यावर जुळत होती, खाली हिरवा उजेड होता, आणि पंपाची घरघर एकाच वेळी सगळीकडून येत होती. तिनं हाका मारल्या. हिरव्या उजेडात त्या कुठं गेल्या कळेना. गोडसर, डोकं जड करणारा वास येत होता. आपण अजून झोपेतच आहोत असं तिला क्षणभर वाटलं, आणि बरंही वाटलं, कारण झोपेतून उठता येतं.

मग काका दिसले. तोंडाला दुपट्टा, पाठीवर पंप, हात उंच करून शेंड्यांवर फवारत होते आणि सगळा फवारा त्यांच्याच डोक्यावर उतरत होता.

"काका, बंद करा! माप चुकलं!"

"माप कसं चुकन वं? तुयंच तं हाय," ते हसले. डोळे लालभडक झाले होते. "वरचं झालं, हे आत्ताच सुरू केलं. फक्त डोळ्यापुढं धुकं धुकं येऊन राह्यलं मले."

तिनं त्यांच्या खांद्यावरचे पट्टे स्वतः सोडले. विहिरीवर नेलं, सदरा काढायला लावला आणि बालट्यांवर बालट्या ओतल्या. तोवर कय्युमभाई मालाची गाडी घेऊन पोचले. यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत मेहनाज काकांशी बोलत राहिली, त्यांनी डोळे मिटू नयेत म्हणून.

काकांवरचं संकट टळलं. उरलेलं फवारलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. मेहनाजनं रकान्यातल्या अक्षरांचा आधी आकडा करून घेतला आणि फंक्शनच्या दारात ती तपासणीची ओळ घातली. आता आकडा नसलेलं काही आलं की पान थांबतं आणि तसं सांगतं. मग ती काकांना भेटायला गेली. खाटेजवळ इंदूकाकू बसल्या होत्या. नवऱ्यासाठी रात्र रात्र जागलेली ती बाई मेहनाजकडं पाहीना.

"मले एक सांग," काका म्हणाले. "तुयं ते मशीन मले काई विचारत काहून नाई? विचारलं असतं तं मी सांगतलं असतं, तीनच पंप हायेत म्हून."

"त्याचा दोष नाई, काका. मीच विचारलं नाई." आणि ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, हुंदके देत.

काकांनी तिला खाटेच्या कडेला बसायला खुणावलं. "रडू नको. आता विचार. काय विचाराचं ते विचार."

तिनं नाक पुसलं आणि विचारायला सुरुवात केली. पंपात आधी पाणी टाकता का औषध? वारं समोरून असलं तं काय करता? तोंडाचा दुपट्टा कवा धुता? काका हौसेनं सांगत होते. इंदूकाकूंनीही न राहवून एक उत्तर दुरुस्त केलं, दुपट्टा धुतलाच नव्हता म्हणून.

"अन् बालटीतलं औषध कायनं ढवळता, काका?"

उकंडाकाकांनी सलाईन नसलेला हात वर केला आणि कोपरापर्यंत दाखवला.