नळीवरचं दव

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं होतं आणि दुपारचे दोन वाजले तरी पोट उघडंच होतं. भूल विभागातल्या टेक्निशियन बाई, ज्यांना सगळं थिएटर 'मावशी' म्हणे, उभ्या उभ्या पेंगत होत्या. घरी सासूबाईंचं आजारपण. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. रजा मागावी, तर बदली माणूस आणायचं कुठून?

मावशींचा एक नेम होता. पेशंटच्या श्वासाची नळी दर अर्ध्या तासाने हाताच्या पाठीने चाचपायची, लेकराचा ताप बघावा तशी. यंत्रातून येणारी हवा कोरडी ठणठणीत. ती तापत्या पाण्याच्या भांड्यावरून गेली की ऊबदार, ओलसर होते आणि नळीत दव धरतं. दव दिसलं की मावशी निश्चिंत. नव्या पोरी हसायच्या. हसोत बापड्या.

आज हात लावला, तर नळी गार. दवाचा थेंब नाही.

भांड्याचा प्लग जमिनीवर लोळत होता. काढणाऱ्या मावशीच. दहा वाजता पेशंटच्या विजेवरच्या गरम पांघरुणासाठी सॉकेट हवं होतं, म्हणून 'दोनच मिनिटं' म्हणत त्यांनी तो उपटला. तेवढ्यात रक्त आणायला पळापळ झाली आणि राहिलं ते राहूनच गेलं. नेमही तिथेच मोडला.

प्लग खोचला की दहा मिनिटांत दव परतलं असतं. झाकली मूठ. निवृत्तीला पाच महिने उरले होते. पण चार तास कोरडी हवा गेली की कफ वाळून नळीत घट्ट बसतो, हे मावशींइतकं कुणाला ठाऊक?

"मॅडम, भांडं दहापासून बंद आहे," त्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "प्लग मीच काढला होता."

डॉक्टरबाईंमध्ये रागवायचंही त्राण नव्हतं. त्यांनी कफ ओढायची बारीक नळी आत सरकवली. ती अर्ध्यातच अडली. तिसऱ्या खेपेला डिंकासारखा गोळा निघाला आणि श्वास मोकळा झाला. पण घशातली श्वासाची नळी आज काढायची नाही, असं ठरलं.

पाचला मावशी बाहेर आल्या. संध्याकाळी नवरा बोलेल या आशेवर बसलेली पेशंटची बायको उठली आणि तिने हात जोडले. मावशींना त्या हातांची लाज वाटली.

"ते बरे आहेत. पण आज बोलायचे नाहीत, आणि ते माझ्यामुळे," असं म्हणून मावशी सकाळपासून पहिल्यांदा खाली टेकल्या. "बसा. सांगते."