उजवीकडचं दार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. साधीसुधी नव्हे बरं का! आठ सिलिंडरची, दोन दारांची, लांब नाकाची अमेरिकन मोटार. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि पेट्रोल पिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. एवढा सगळा थाट असूनही माझी गोष्ट मात्र एका बिघडलेल्या दाराची आहे.

माझा जन्म १९७० सालचा. तेलाच्या कंपनीतला एक अमेरिकन इंजिनियर मला जहाजातून आखाती देशात घेऊन आला. तो मायदेशी परतला आणि मी या हातातून त्या हातात फिरत राहिले. शेवटी दुबईच्या उत्तरेला असलेल्या रास अल खैमातल्या जुन्या गाड्यांच्या एका आवारात येऊन पडले. तिथे कुणीतरी किल्ली हरवली. काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी घालून त्याने माझं उजवं दार उघडलं खरं, पण दाराच्या आतली सळई वाकवून ठेवली. तेव्हापासून ते दार फक्त बाहेरून उघडायचं. आत बसलेल्याने कितीही खटका ओढला तरी ढिम्म.

त्या आवारात मी नऊ वर्षं होते. जवळच्या कारखान्यातल्या सिमेंटची धूळ इतकी साचली, की माझा रंग निळा आहे हे मीही विसरत चालले होते. माणसं येत, बोनेटवर बोटाने आपलं नाव लिहीत आणि निघून जात. फार एकटं वाटायचं मला.

२००५ साली विजयकुमार आला. तो माझ्याच वयाचा, म्हणून मी त्याला अहो-जाहो करत नाही. मूळचा पुण्याचा, राहायला दुबईत करामाला, नोकरी शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात. तिथे टॉवरसाठी अॅल्युमिनियमची दारं-खिडक्या बनत आणि त्या तपासणं हे त्याचं काम. जरा करकरलं, की दार परत पाठवायचा. अशा माणसाच्या नशिबी माझं दार यावं, याची मला गंमत वाटते.

"सहा हजार दिरहम," तो बायकोला म्हणाला आणि लगेच मोठ्याने हिशोब केला, "म्हणजे बहात्तर हजार रुपये. पुण्यात दोन स्कूटरी येतात एवढ्यात."

"मग दोन स्कूटरीच घ्या ना," अनुपमा म्हणाली. पण हसत होती. त्यांची सात वर्षांची लेक शुभ्रा मात्र माझ्या मागच्या सीटवर कधीच जाऊन बसली होती.

ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची. दर शुक्रवारी आम्ही बाहेर पडायचो. पोचलं की विजयकुमार डावीकडून उतरायचा, माझ्या नाकाला वळसा घालून उजवीकडे यायचा आणि दार उघडायचा. तोवर अनुपमा पदर सावरून, पर्स मांडीवर घेऊन शांत बसलेली असे. "या राणीसाहेब," तो म्हणायचा. तिच्या मागून सीट पुढे ढकलून शुभ्रा उडी मारायची. बघणारे हसायचे, पण या दोघांना त्याचं काही नव्हतं.

आता एक गुपित सांगते. एकदा रास अल खैमाच्या रस्त्यावर विजयकुमार पाणी आणायला दुकानात गेला होता आणि शुभ्राला मळमळायला लागलं. अनुपमाने काच खाली केली, हात बाहेर काढून बाहेरची मूठ दाबली आणि एका क्षणात दार उघडलं. पोरीला मोकळी हवा दिली, पुन्हा आत घेतलं, दार लावलं, काच वर केली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. "बाबांना सांगायचं नाही हं," तिने शुभ्राला बजावलं. इतक्यात विजयकुमार आला आणि त्याने वळसा घालून दार उघडलं. मला तोंड असतं, तर त्या दिवशी मी मोठ्याने हसले असते.

मग २००८ साल संपता संपता मंदी आली आणि टॉवरांची कामं थांबली. क्रेन हलेनात. कारखान्यात तयार दारं भिंतीला टेकून उभी राहिली, कारण ती बसवायला इमारतीच नव्हत्या. कितीतरी जणांना एका दिवसात 'खलास', म्हणजे काम संपलं, म्हणून सांगितलं. विजयकुमारची नोकरी वाचली, पण पगार अर्ध्यावर आला. मार्चमध्ये शुभ्राची परीक्षा झाली आणि मायलेकी पुण्याला निघाल्या. विमानतळावर त्याने उजवं दार उघडलं, त्या उतरल्या. त्यांच्या बॅगा ढकलत तो आत गेला आणि दार लावायचं विसरला. बऱ्याच वेळाने एका पहारेकऱ्याने ते लावलं.

करामाचं घर सुटलं. विजयकुमार शारजात चौघांच्या खोलीत एका खाटेपुरता राहू लागला. मी तुकाराम मिस्त्रीच्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली. हा तुकाराम सांगलीकडचा, तोंडाने फटकळ पण हाताने सच्चा.

कधीकधी विजयकुमार मला घेऊन करामाला जेवायला जायचा. पहिल्याच वेळी काय झालं, गाडी लावून तो उतरला आणि सवयीने माझ्या नाकाला वळसा घालून उजवीकडे आला. मुठीवर हात ठेवला. आत रिकामी सीट. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. मग दार उघडून सीटवरचा रिकामा डबा उचलला, जणू त्यासाठीच आला होता. पुढे प्रत्येक वेळी तो एक डबा आणून त्या सीटवर ठेवू लागला. मला त्याची फार दया यायची. आम्ही दोघंही एकटे होतो, पण एकमेकांना सांगणार कसं?

एका शुक्रवारी तो तुकारामला म्हणाला, "मिस्त्री, हिला पूर्ण करूया."

"पूर्ण म्हंजे किती साहेब?" तुकाराम म्हणाला. "ते आधी ठरवा. चालू ठेवायपुरती करायची, की शोरूममधून काढल्यागत? एकदा पत्रा उघडा केला ना, की थांबायचं कुठं ते कळत नाही माणसाला."

"सगळं. काही म्हणजे काही ठेवायचं नाही."

तीन वर्षं लागली. पैसे साठतील तसं काम. इंजिन उतरलं, सीट बदलल्या, माझा निळा रंग पुन्हा झळकला. खरं सांगते, आरशात बघून मीही सुखावले. लोक फोटो काढू लागले. शेवटी यादीत एकच गोष्ट उरली.

"ते दार राहू दे की," तुकाराम म्हणाला. "वहिनींना विचारलं का?"

"विचारायचं काय? सरप्राइज आहे. चार वर्षं तिला दारात खोळंबवून ठेवलं मी. दारं तपासणारा माणूस! लाज वाटते मला."

मी काय करणार? नवी सळई बसली. जुना पार्ट मालकाला परत द्यायचा, हा तुकारामचा नियम. वाकडी सळई वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवून दिली.

२०१२ च्या डिसेंबरात मायलेकी दहा दिवसांसाठी आल्या. शुभ्रा आता नववीत होती. अनुपमाने माझ्या बोनेटवरून हात फिरवला. "किती सुंदर केलीत हो!" ती म्हणाली. करामाच्या त्या नेहमीच्या खानावळीसमोर आम्ही थांबलो. "आता आतून उघडतं बरं का," विजयकुमार अभिमानाने म्हणाला आणि उतरून सरळ पुढे गेला. खानावळीच्या दारापाशी पोचून त्याने वळून पाहिलं. अनुपमा तशीच बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

"अगं, खटका ओढ ना! उघडतंय!"

"हो. ओढते." तिने ओढला. कसलाही आवाज न करता दार उघडलं. ती उतरली आणि त्याच्याकडे न बघता आत गेली.

पुढचे दिवस असेच गेले. ती आपली आपण चढायची, आपली आपण उतरायची. एकदा सिग्नलला विजयकुमारने विचारलं, "परत कधी येताय? आता पगार बरा झालाय."

"हिची दहावी झाली की बघू," ती काचेबाहेर बघत म्हणाली. त्या 'बघू'ने मी इतकी घाबरले, की माझी भीती सांगता येत नाही. रास अल खैमातही मला असं वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी शुभ्राचा संयम संपला. अनुपमा भाजी घ्यायला उतरली होती.

"बाबा, शी कुड ऑलवेज ओपन इट."

"काय?"

"द डोर. विंडोतून हात बाहेर काढून. शी न्यू. शी जस्ट वेटेड फॉर यू."

अनुपमा पिशवी घेऊन आली तशी विजयकुमारने विचारलं, "तुला ते दार उघडता येत होतं? मग थांबायचीस कशाला?"

अनुपमाने आधी शुभ्राकडे रागाने पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही यायचात म्हणून. आठवडाभर तुम्ही कारखान्याचे असायचात. तेवढा एक वळसा माझा होता."

त्याचे डोळे भरून आले. माझ्या कप्प्यातून त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी काढली आणि आम्ही चौघं तसेच तुकारामकडे गेलो.

"जुनी सळई बसवा मिस्त्री."

तुकारामने सळई पाहिली, वहिनींना पाहिलं. "म्हंजे किती करायची ते ठरलं एकदाचं," तो म्हणाला आणि पाना शोधू लागला.

विमानतळावर विजयकुमार उतरला, माझ्या नाकाला वळसा घालून आला आणि दार उघडलं. अनुपमाने उतरताना त्याच्या हाताचा आधार घेतला. "हिची दहावी झाली की येतो आम्ही," ती म्हणाली.

मित्रांनो, अजून दहावीला वर्षाच्या वर अवकाश आहे. आम्ही दोघं पुन्हा एकटे आहोत. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू दुरुस्तीला काढाल, तेव्हा तिला जरूर पुसा, तेल द्या, गंज काढा. पण काही बदलण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आमच्यासारखं नको.

शुक्रवारी आम्ही करामाला जातो. विजयकुमार उतरतो, वळसा घालतो आणि उजवं दार उघडतो. सीटवर डबा नसतो. कुणी बघतंय का, हेही तो आता पाहत नाही. क्षणभर दार उघडं धरून उभा राहतो, मग हळूच लावतो आणि जेवायला जातो.