कर्ण्याची जीप

एकाहत्तर साली जुलाबाची साथ आली. शाळेतली पोरं एकामागून एक आडवी झाली आणि कर्णा लावलेली जीप गल्लोगल्ली ओरडत फिरली, "शाळेसमोरच्या दुकानातलं दूध पिऊ नका!"

शाळेसमोर दुधाचं दुकान एकच होतं, माझ्या वहिनीचं. दादा अंथरुणाला खिळल्यापासून त्यावरच घर चालायचं.

दुधाचा नमुना तपासायला गेला. दूध चांगलं निघालं. जंतू शाळेच्या पाण्याच्या टाकीत सापडले. आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनीच वहिनीला बोलावून हे सांगितलं. मी सोबत होते.

"मग फिरवा जीप," वहिनी म्हणाली.

"आता कशाला?"

"दूध चांगलं आहे, हे सांगायला."

डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता. "बाई, जीप धोका सांगायला असते. धोका नाही, हे सांगायला नसते. बाहेर फलकावर कागद लावलाय की."

"तुमचा फलक वाचायला माझी गिऱ्हाइकं येतात होय?"

"साथ आटोक्यात आलीय. पुन्हा कर्णा वाजवला तर लोक उगाच घाबरतील."

मग आम्ही दोघी दारोदार फिरलो. शेजारच्या काकूंनी बसवलं, पाणी दिलं. "माझा का तुझ्यावर विश्वास नाही? पण पोरांच्या पोटाशी कशाला खेळ?"

"अहो काकू, जंतू टाकीत होते. टाकीत!"

"असतील बाई. पण जीपनं टाकीचं नाव कुठं घेतलं?"

कोपऱ्यावरचा न्हावी तर भर रस्त्यात ओरडला, "वहिनी, आता मांजरसुद्धा तुमच्या दुकानाकडं बघून नाक मुरडतं!" सगळे हसले. वहिनीही हसली. घरी आल्यावर म्हणाली, "वन्सं, भांडी विकून टाकू या. दुधाचा वास नको आता घरात."

टाकी गुपचूप धुतली गेली. डॉक्टर पुढे मोठ्या हुद्द्यावर चढले. दुकान दुसऱ्या कुणी घेतलं. काकू मरेपर्यंत तिथूनच दूध नेत होत्या. दुकानाला दूध घालणारा गवळी तोच होता. दादा त्याच वर्षी गेला. वहिनीनं लोकांकडे धुणीभांडी केली. स्वयंपाकाचं काम तिला कुणी दिलं नाही, पुढे तिनंही मागितलं नाही. म्हातारपणी ती माझ्याकडे राहायला आली.

पाहुणा आला की चहा तीच करायची. आधी किटलीतला घोटभर चहा आपल्या कपात ओतून, त्याच्यासमोर उभ्यानं प्यायची. मगच त्याचा कप भरायची. माझ्या नातवंडांना वाटायचं, आपल्या घरची ही रीतच आहे.